जावयाची आंघोळ

माज हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो मारुतीच्या ओट्यावर, गावातल्या बायकांसमोर. आणि उच्चारताना मी माझ्या चपलांकडे बघत होते. शाळेत आणि कॉलेजात जनावरांच्या माजाचं, गाभण राहण्याचं हे सगळं मी इंग्रजीतून शिकले होते. इंग्रजीत त्याची लाज वाटत नसे. तिथे त्या फक्त आलेखावरच्या रेषा असत, एक चढणारी, एक उतरणारी. मराठीत त्याच रेषांना शेपूट आलं, वास आला, आणि समोर बसलेल्या बायकांचं हसू आलं.

"चपलेला काय सांगता वो ताई, आमाला सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

नेकनूरला बसमधून उतरून पुढे जीपने जावं लागे अशी ती वाडी. तिथे बायकांची शेळी-मेंढी पालनाची सहकारी संस्था होती आणि माझी ती पहिली नोकरी. आमचं घर बीडमध्ये. शेती होती, पण ती बटाईने दिलेली. माझा मातीशी संबंध बुटाच्या तळव्याइतकाच. मेंढरांच्या मागे फिरायचं होतं तर एवढ्या महागड्या शाळेत कशाला घातलं, असं काका दर रविवारी जेवताना विचारत. मी उत्तर देत नसे. मी सहसा कुणालाच उत्तर देत नसे. त्याचा एक फायदा होता. जो बोलत नाही त्याच्यासमोर लोक बरंच बोलतात.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. विहिरीत उतरायच्या पायऱ्या शेवटपर्यंत कोरड्या दिसत होत्या. पाणी टँकरने येई आणि टँकर आला की वाडीत दुसरं काही चालत नसे. वाडीतली धडधाकट माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात, पाडव्याच्या आसपास परत येत. मधले महिने तिथे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि मेंढरं एवढंच उरे. आणि मेंढ्या नेमक्या त्याच महिन्यांत व्यायच्या, तीही एकेक करून, कधी कार्तिकात, कधी थेट संक्रांतीनंतर. कोकरू पहाटेच्या थंडीत ओलं पडून राही. कधी कुत्री नेत. परत आलेली माणसं वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या काट्याच्या कुंपणात, डोकावत आणि बाजूला होत.

संस्थेने त्या वर्षी ठरवलं होतं की सगळ्या मेंढ्या एकाच वेळी व्यायला हव्यात, शक्यतो ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी. आणि हिवाळाभर सगळी कोकरं सांभाळायला एक बाई वाडीत मागे ठेवायची, संस्थेच्या पगारावर. अध्यक्षबाई जाड भिंगाचा चष्मा लावत आणि जे बोलत ते दोनदा बोलत नसत. त्यांनी अट घातली, "एकदम झाली तर माणूस ठिवू. एक आज, एक महिन्यानं, असं असलं तर पगारी माणूस न्हाई परवडत. दसऱ्याला बघू आन् ठरवू."

ती मागे राहणारी बाई कोण, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ती सभेत नेहमी खांबाला टेकून बसे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणे, ती मला ताई. अडलेल्या मेंढीला हात घालायचा असला की लोक तिलाच बोलवत, कारण तिचे हात लहान होते आणि तिला घाई नसे.

त्या दिवशी मी एक स्पंज दाखवायला नेला होता. बोटाच्या पेराएवढा पांढरा स्पंज, खाली लोंबणारा दोरा. तो हातोहात फिरला. मी सांगितलं की हा मेंढीच्या आत ठेवतात. त्यात एक औषध असतं. गाभण मेंढीच्या अंगात जे तयार होतं, तेच. म्हणजे हा स्पंज तिच्या शरीराला सांगतो की तू गाभण आहेस. शरीर विश्वास ठेवतं आणि गप्प बसतं. दोन आठवड्यांनी दोरा ओढून तो काढला की शरीराला कळतं, आपण गाभण नाहीच. मग सगळ्या एकदम...

"एकदम काय?" वहिनीच्या सासूने विचारलं. तिला उत्तर पक्कं माहीत होतं.

तेव्हा मी चपलांकडे बघत तो शब्द उच्चारला.

हसून झाल्यावर सासू म्हणाली, "म्हंजे मेंढीला गंडवायचं."

"हो मावशी. थोडं गंडवायचंच."

वहिनी हसली नव्हती. स्पंज तिच्या हातात आला तेव्हा तिने तो दोऱ्याला धरून वर उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

सभा संपल्यावर ती मला जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्यावर बाभळीच्या सावलीत उभं राहिल्यावर तिने कमरेची कापडी पिशवी उघडली आणि गोळ्यांची एक अर्धी पट्टी माझ्या हातावर ठेवली.

"ताई, त्या स्पंजात जे हाय, ते ह्याच्यात बी असतंय का?"

मी मागे लिहिलेलं नाव वाचलं. कॉलेजात ते मला परीक्षेत आलं होतं.

"त्याच जातीचं आहे," मी म्हणाले. "हे कशासाठी घेता?"

ती माझ्याकडे बघून हसली. इतकं कसं कळत नाही, अशा अर्थाचं हसू. उसाच्या फडात पाळी आली तर कुठे बसणार, पाणी कुठून आणणार, खाड्याचे पैसे कोण भरणार? म्हणून टोळीतल्या बायका गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलत. फडाजवळच्या दुकानात मिळत, कुणी विचारत नसे. ती तीन हंगाम घेत होती.

"म्हंजे आमाला बी गंडवलंच की," ती म्हणाली. रागाने नाही. एक कोडं सुटल्यासारखं म्हणाली.

मग तिने लांब चरणाऱ्या मेंढरांकडे बघत बाकीचं सांगितलं. मागच्या हंगामाच्या आधीच्या हंगामात तिला दिवस गेले होते. कुणाला सांगायच्या आतच, मोळी डोक्यावर असताना गेलं. तेव्हापासून राहिलं नव्हतं. गावाकडे असली की पाळी कधीही यायची, कधी महिना महिना यायची नाही. सासूची गर्भाची पिशवी तर वहिनी लग्न होऊन येण्याच्या कितीतरी आधीच काढलेली. त्या टोळीत बऱ्याच जणींची काढलेली होती.

"औंदा मला घरी ऱ्हायचंय ताई. एक साल. गोळी न घेता. बघायचंय माझं अंग काय म्हनतंय ते." तिने पट्टी परत पिशवीत ठेवली. "तुमची मेंढरं एकदम व्याली तर मी ऱ्हाते. न्हाई व्याली तर हायेच कोयता."

जीप आली. मी चढले. पाळी हा शब्द तिने सहज उच्चारला होता. आमच्या शाळेत मुली पाळीला 'डेट' म्हणत. घरी आई काहीच म्हणत नसे, फक्त माझ्या हातातलं लोणच्याचं भांडं काढून घेई.

स्पंजाचा विचार पुढे सोडून द्यावा लागला. संस्थेला सल्ला देणारे एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर होते. ते वाडीत येऊन मेंढ्यांच्या पाठीवरून बोटं फिरवत गेले. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. ते म्हणाले, उपासाने ह्यांचं चक्रच बंद पडलंय. पोटाला नसलं की शरीर सगळ्यात आधी हेच काम थांबवतं. स्पंजाबरोबर इंजेक्शनं लागतील, ती गार ठेवावी लागतील, आणि तुमच्याकडे वीज दिवसातून किती वेळ असते ते मला माहीत आहे. दुसरा एक जुना मार्ग आहे. वाडीतले सगळे मेंढे महिनाभर लांब पाठवा, इतके लांब की आवाज नको, वासही नको. तोवर मेंढ्यांना थोडं जास्त खायला घाला. मग एके दिवशी एकदम परका मेंढा आणून सोडा.

"त्याने काय होईल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. हे मला येत होतं. मेंढ्याच्या लोकरीत एक चिकट तेलकटपणा असतो आणि त्याला उग्र वास असतो. परक्या नराचा तो वास नाकात गेला की मेंढीचा मेंदू हॉर्मोन सोडायला लागतो, तो रक्तातून बीजकोशापर्यंत जातो आणि बंद पडलेलं चक्र पुन्हा चालू होतं. पहिल्या वेळी बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या फेरीला, साधारण तीन आठवड्यांच्या आत, सगळ्या माजावर येतात. एका वासाने एवढं होतं, याचं मला कॉलेजातही नवल वाटलं होतं. मी ते सांगितलं, आणि ह्या वेळी नजर चपलांवरून निदान बायकांच्या गुडघ्यांपर्यंत वर आली.

वाडीतले मेंढे चौसाळ्याच्या पुढे कुणाच्या तरी नातलगांकडे गेले. महिनाभर बायका बाभळीच्या शेंगा वेचत हिंडल्या. संस्थेने थोडा मका दिला. टळटळीत उन्हात शेंगांची पोती डोक्यावर घेऊन येणारी वहिनी मला लांबून ओळखू येई. तिच्या सासूचं मात्र वेगळंच चाललं होतं. परका मेंढा तलवाड्याकडून येणार होता, मोठ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा, आणि सासूने त्याचं नाव जावई ठेवून टाकलं होतं.

"जावई येनार म्हनल्यावर घर सारवाय नगं व्हय?" ती म्हणे. आणि खरंच तिने वाडगं झाडून काढलं.

मेंढा ज्या दिवशी येणार होता त्या दिवशी माझी बस वाटेत पंक्चर झाली. मी पोहोचले तेव्हा टेम्पो येऊन परत गेला होता. वाडग्यापाशी बायकांची गर्दी होती आणि हसण्याचे आवाज येत होते. मी वाट काढत पुढे गेले.

मधोमध मेंढा उभा होता. पिवळा धमक. त्याला हळद लावून, उटणं लावून, साबणाने चोळून आंघोळ घातली होती. कपाळाला कुंकू होतं. लोकर पिंजल्यासारखी फुगलेली. अंगावरून अजून पाणी निथळत होतं आणि खालच्या चिखलात कोंबड्या चोची मारत होत्या. टँकरचं पाणी. त्या दिवशी सासूच्या घरात बहुतेक कुणी आंघोळ केली नसेल.

"बघा वो ताई," सासू कौतुकाने म्हणाली, "कसा ऱ्हायलाय उबा. परवासानं लई घान झालता. वास तर असा मारत व्हता का विचारू नगा."

मी जवळ गेले आणि त्याच्या मानेपाशी नाक नेलं. गुलाबाच्या साबणाचा वास आला.

महिनाभर मेंढे लांब ठेवले, शेंगा वेचल्या, मका घातला, ते सगळं ह्या एका वासासाठी. आणि तो वास प्रेमाने, मायेने, घरातलं पाणी काढून धुऊन टाकला होता. मी वहिनीकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती माझ्या सभेत होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती नुकतीच शेंगांचं पोतं घेऊन परतली असावी, पोतं अजून डोक्यावरच होतं. तिने ते हळूच खाली ठेवलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "वास काढायचा नव्हता वो. वासच तर औशीद हाय. ताईनं सांगितलं नव्हतं का?"

सासूचं तोंड उतरलं. सभेत तिने माझी चेष्टा केली होती आणि चेष्टा करणारा माणूस पुढचं ऐकत नाही. "मला वाटलं ते आपलं बोलायचं म्हनून बोलत्यात," ती म्हणाली. "जावयाला तसंच घान ठिवायचं, कावून?"

कुणीतरी हसलं आणि मग सगळ्याच हसल्या, मीही. वहिनी हसली नाही. ती मेंढ्याच्या ओल्या लोकरीत हात घालून बघत होती.

डॉक्टरांना फोन केला. पलीकडून आधी नुसता खोकल्याचा आवाज आला. मला वाटतं तेही हसू दाबत असावेत. मग म्हणाले, असू दे. तो काही मूर्ती नाही, जिवंत नर आहे. उन्हात घाम येईल, तेल सुटेल, वास परत येईल. फक्त आता पाण्याचा थेंब लावू नका. घाण होऊ द्या त्याला. पण तुमचा हिशेब पुढे सरकला, हे धरून चाला.

हिशेब पुढे सरकला म्हणजे काय, हे वहिनीला सांगायची गरज नव्हती. मेंढी पाच महिन्यांनी विते. आधी सगळं दसऱ्याच्या आत बसत होतं. आता दसऱ्याच्या पुढे जाणार होतं, आणि टोळीच्या मुकादमाला दसऱ्याला सांगावं लागे की नवरा-बायकोची जोडी येणार की नाही. तिचा नवरा चुलतभावाबरोबर कोयता, म्हणजे तोडीची जोडी, जुळवायला तयार होता, पण तेही दसऱ्यालाच ठरणार होतं.

पुढचे दिवस मी वाडीत गेले की पहिलं काम म्हणजे मेंढ्याचा वास घेणं. त्याच्या मानेच्या लोकरीत नाक खुपसून मी उभी राहायची आणि बायका भोवती गोळा होऊन निकालाची वाट बघायच्या. मेंढ्याला त्याचं काही नव्हतं, तो शेंगा खात असे. माझी शाळेतली मैत्रीण त्या सुमाराला परदेशी गेली होती आणि फोनवर विचारायची की कामावर काय करतेस. मी म्हणायची, निरीक्षण.

"आला का वो?" सासू विचारायची. अपराधी झाल्यापासून तीच सगळ्यात उत्सुक.

"थोडासा आलाय. पण अजून साबण आहे, मावशी."

"उद्या त्याला उकिरड्यावर बांधते."

"नको नको. नुसतं उन्हात ठेवा."

हळद हळूहळू उडाली. लोकर पुन्हा चिकट झाली. एके दुपारी वास घेतला आणि मी झटकन मागे झाले. डोळ्यांत पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाडग्यातल्या मेंढ्या कधी नव्हे ते माना वर करून, नाकपुड्या फुगवून त्याच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. काही तर घोळक्यातून निघून त्याच्याजवळ गेल्या. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला. पकड इतकी घट्ट की नंतर तिथे लाल वळ दिसला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेंढ्याच्या छातीला गेरू आणि तेल चोपडून ठेवलं होतं. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीला लाल डाग पडतो, म्हणजे कोण माजावर आली ते कळतं. दिवस गेले, पाठी पांढऱ्याच. ते मला माहीत होतं. पहिल्या वेळी बाहेरून काही दिसत नाही, हे मीच सांगितलं होतं. पण जे पुस्तकात वाचून माहीत असतं त्यावर दुसऱ्या कुणाचं एक वर्ष टांगलेलं असलं की ते फार बारीक वाटायला लागतं. मी बीडला घरी जाऊन जुन्या वह्या काढून पुन्हा वाचल्या. आलेखावरच्या त्या रेषा तशाच होत्या, एक चढणारी, एक उतरणारी.

मग एका सकाळी मी जीपमधून उतरले तर सासू रस्त्यापर्यंत आली होती, पदर खोचलेला.

"लागलं गं पोरी कुंकू!" ती लांबूनच ओरडली. "लागलं! एकीला न्हाई, चौघींला लागलं!"

दुसऱ्या दिवशी आणखी काहींना. मग जवळजवळ रोज. आठवडाभरात वाडग्यातल्या बहुतेक मेंढ्यांच्या पाठी लाल झाल्या आणि काळ्या तोंडाचा जावई इतका थकला की एका कोपऱ्यात बसून राही. सासू त्याला हाताने मका भरवी, पण त्याच्या अंगाला पाण्याचं बोट लावत नसे.

पुढचे महिने वाट बघण्यात गेले. पाऊस आला तो उशिरा, आणि थोडाच, पण डोंगराच्या उताराला गवत आलं. मेंढ्यांच्या पाठी भरल्या. वहिनी त्या महिन्यांत मला तिच्या पाळीबद्दल सांगायला लागली, न विचारता, काम करता करता. ह्या महिन्यात आली न्हाई. ह्या महिन्यात दोनदा आली. मी तिला एकदा बीडला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, रक्त कमी आहे, खायला घाला, गोळ्या बंद करा आणि वर्षभर शरीराला त्याच्या वाटेने जाऊ द्या. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. नेकनूर जवळ आल्यावर म्हणाली, "वरीसभर. त्यांला काय जातंय म्हनायला."

दसऱ्याच्या दिवशी ओट्यासमोर सगळी मेंढरं आणली. मुकादमाचा माणूस सकाळपासून गावात होता आणि आपट्याची पानं वाटल्यासारखा घरोघर हिंडत होता. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"कोकरू तर एक बी दिसंना," त्या म्हणाल्या. खरं होतं. व्यायला अजून तीन-चार आठवडे होते. पोटं मोठी दिसत होती, पण पावसाळ्यानंतर गवताने सगळ्यांचीच पोटं मोठी दिसतात. "आता ठरवायचं कसं?"

वहिनी खांबाला टेकून बसली होती. तिचा नवरा पलीकडे उभा होता, चुलतभावाच्या खांद्यावर हात टाकून. मला ठाऊक होतं काय बघायचं ते, आणि मी गप्पच होते. मग माझं लक्ष वहिनीच्या हातांकडे गेलं. तिने कापडी पिशवी मुठीत धरली होती.

"कास बघा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी ह्या वेळी चपलांकडे बघितलं नाही. "कास. व्यायच्या आधी कास धरते. सगळ्यांची एकदम धरली असेल तर सगळ्या एकदम विणार. मी सांगून उपयोग नाही. तुम्हीच हात लावून बघा."

अध्यक्षबाई उठल्या. त्यांनी पहिल्या मेंढीच्या पोटाखाली हात घातला. हात तिथेच थांबला. मग त्या दुसऱ्या मेंढीकडे गेल्या. मग बाकीच्या बायकाही उठल्या आणि जी ती वाकून आपापल्या मेंढीची कास चाचपायला लागली.

"माझीनं धरली."

"हिनं बी."

"माझीनं न्हाई धरली बघ."

"तुझी म्हातारी हाय, तिला काय बघतीस! ती बाजूची बघ की."

"हां, हिनं धरली. टच्च हाय."

एक-दोन सोडून सगळ्याच. अध्यक्षबाई परत ओट्यावर येऊन बसल्या. चष्मा पुन्हा पुसला. "माणूस ठिवू," त्या म्हणाल्या, एकदाच, आणि वहिनीकडे बघितलं. मुकादमाच्या माणसाने आपल्याशीच काहीतरी पुटपुटत तिच्या नवऱ्याला बाजूला बोलावलं. "तू अन् तुझा भाऊ चालतंय बे," इतकं मला ऐकू आलं.

सासू मोठ्याने म्हणाली, "जावयाला आंघूळ घातली न्हाई तरी नातवंडं व्हत्यात म्हनायचं."

दिवाळीनंतर टोळ्या गेल्या. ट्रक निघाला तेव्हा मी तिथे नव्हते. त्यानंतरच्या आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या आणि मी वाडीतच एका रिकाम्या खोलीत मुक्काम टाकला, कारण एकट्या वहिनीला ते झेपणारं नव्हतं. वाडग्यात सकाळी नवी कोकरं लटपटत उभी असत आणि त्यांच्या आया एकमेकींच्या अंगावर धावून जात. कोणतं कुणाचं ते त्या वासावरून ओळखत.

एका सकाळी मी गेले तर वहिनी वाडग्याच्या बाहेर दगडावर बसली होती. आत सासू एकटीच होती. तिला जवळचं नीट दिसत नसे, ती मेंढ्यांच्या मधून चाचपडत चालली होती. एक मेंढी खाली पडून ओरडत होती.

"काय झालं? आत का नाही जात?"

वहिनीने पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. "बाहेरची हाय आज. व्यालेल्यात कसं जाऊ?"

तिच्या घरात तसा रिवाज होता. पाळी आलेल्या बाईने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, आणि व्यालेल्या जनावराजवळही नाही. मला आईने काढून घेतलेलं लोणच्याचं भांडं आठवलं.

आतून सासूचा आवाज आला. "बसलीस काय तिथं! पाय अडकलाय कोकराचा, मला गावंना. ये की."

"मी बाहेरची हाय, आत्या."

सासू वाडग्याच्या तोंडाशी आली. दोन्ही हात माखलेले. तिने सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा सुनेकडे.

"मेंढीनं इचारलंय का तुला?" ती म्हणाली. "तिला तुझा वास ठावं हाय. रोजचा हाय. ऊठ."

वहिनी उठली. आत जाऊन गुडघ्यांवर बसली, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते लहान हात सावकाश आत गेले. तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण ती काही बघत नव्हती. जे बघायचं ते बोटांनी बघत होती. मग तिने श्वास सोडला आणि कोकरू बाहेर आलं, आधी एक पाय, मग दुसरा, मग झाकलेलं नाक. तिने नाक पुसलं, फुंकर मारली. ते शिंकलं. मेंढीने मान वळवून चाटायला सुरुवात केली.

ती बाहेर आली आणि मी तांब्याने तिच्या हातांवर पाणी घातलं.

"ताई," ती खाली बघत, हात चोळत म्हणाली, "मागल्या महिन्यात आली त्याच दिसाला आली बगा. म्हंजे महिन्याला महिना. बोलावली बी न्हाई, थांबवली बी न्हाई. आपली आपन आली."

"दुखतंय का?" मी विचारलं. कुणाला असं विचारायची माझी ती पहिली वेळ.

"दुखतंय की," ती हसली. "दुखू दे. बसायला दगूड हाय, पानी हाय, घर हाय."

मी आणखी थोडं पाणी घातलं, लागत नव्हतं तरी.

"बोलत काय बसलाव?" आतून सासू ओरडली. "दुसरी पडली बघा! आन् ती तिसरी बी! या गं दोघी!"

आम्ही दोघी आत गेलो.